पैशाविषयीच्या पत्रकारितेचा पुरस्कार: प्रवेशिका कशी सिद्ध करावी

बाळशास्त्री जांभेकरांनी १८३२ साली ‘दर्पण’ सुरू केले, त्याची आठवण म्हणून महाराष्ट्रात ६ जानेवारीला पत्रकार दिन साजरा होतो. गेल्या वर्षभराच्या कामाची कात्रणे काढून बसायलाही हाच काळ सोयीचा असतो, कारण बहुतेक मोठे पुरस्कार जानेवारी ते डिसेंबर या वर्षातील प्रकाशित काम विचारात घेतात. ठेवी, विमा, म्युच्युअल फंड, गृहकर्ज, भविष्य निर्वाह निधी, शेअर बाजार अशा विषयांवर, म्हणजेच सामान्य माणसाच्या घरातील पैशावर लिहिणाऱ्या बातमीदारांनी अशा पुरस्कारासाठी प्रवेशिका कशी तयार करावी, हे येथे सांगायचे आहे. एका जिल्हा पत्रकार संघाच्या स्पर्धेत आलेल्या प्रवेशिकांची प्राथमिक छाननी मी काही वर्षे केली आहे आणि सहकाऱ्यांच्या प्रवेशिका पाठवण्यापूर्वी वाचून देण्याचे काम आजही करतो. त्या अनुभवातून माझे ठाम मत झाले आहे की, या विषयाचा परीक्षक दोन प्रश्नांची उत्तरे शोधत असतो: वाचकाचा पैसा नेमका कोठे धोक्यात होता, आणि बातमीदाराने ते कोणत्या आधारावर सिद्ध केले. प्रवेशिकेतील प्रत्येक कागद या दोहोंपैकी एका प्रश्नाचे उत्तर देत असला पाहिजे. जो देत नाही, तो काढून टाकावा.

हिशेब आधी, बाकी नंतर

या पत्रकारितेला पुरस्कार का मिळतो, हे समजून घ्यायचे असेल तर शंभर वर्षांपूर्वीच्या बॉस्टनकडे पाहावे. १९२० च्या उन्हाळ्यात चार्ल्स पॉन्झी हा गृहस्थ ४५ दिवसांत ५० टक्के परतावा देतो असे सांगून हजारो लोकांकडून पैसे घेत होता. टपाल खात्याची आंतरराष्ट्रीय उत्तर-कूपने, म्हणजे परदेशातून उत्तर पाठवणाऱ्याला तिकिटांच्या बदल्यात वटवता येणारी कूपने, एका देशात स्वस्तात विकत घ्यायची आणि दुसऱ्या देशात जास्त किमतीला वटवायची, हा आपला धंदा असल्याचे तो सांगे. ‘बॉस्टन पोस्ट’ या दैनिकाने अर्थविषयक पत्रकार क्लॅरन्स बॅरन यांना हा दावा तपासायला सांगितले. बॅरन यांनी मांडलेला हिशेब शाळकरी मुलालाही कळेल इतका सोपा होता. पॉन्झीने घेतलेल्या रकमेला पुरेल एवढा व्यवहार व्हायचा तर सुमारे १६ कोटी कूपने चलनात असायला हवी होती, आणि प्रत्यक्षात ती होती सुमारे २७ हजार. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पॉन्झी पोलिसांच्या ताब्यात गेला आणि १९२१ साली ‘बॉस्टन पोस्ट’ला सार्वजनिक सेवेसाठीचा पुलित्झर पुरस्कार मिळाला.

आपल्याकडे २३ एप्रिल १९९२ रोजी सुचेता दलाल यांनी ‘टाइम्स ऑफ इंडिया’त स्टेट बँकेच्या रोखे व्यवहारांत सुमारे ५०० कोटी रुपयांचा मेळ लागत नसल्याची बातमी दिली आणि हर्षद मेहता प्रकरण उघडकीस आले. पुढे त्यांना चमेली देवी जैन पुरस्कार आणि २००६ साली पद्मश्री मिळाली. या दोन्ही प्रकरणांत बातमीचा कणा एकच होता. एका बाजूला केलेला दावा, दुसऱ्या बाजूला मोजून काढलेला आकडा आणि त्या दोहोंमधील न जुळणारी तफावत. आपल्या वर्षभराच्या कात्रणांतून प्रवेशिकेसाठी बातमी निवडताना हाच निकष लावावा. जिच्यात अशी तफावत आपण स्वतः मोजून दाखवली आहे, ती बातमी निवडावी. ‘सोन्यात गुंतवणूक करावी का’ या धाटणीचा लेख कितीही वाचला गेला असला तरी तो बाजूला ठेवावा.

एक उदाहरण अंकांसह देतो, कारण हिशेब म्हणजे नेमके काय याबद्दल तरुण सहकाऱ्यांच्या मनात पुष्कळ गोंधळ दिसतो. समजा, एका विमा योजनेची जाहिरात सांगते की दरवर्षी ५०,००० रुपयांचा हप्ता २० वर्षे भरा, म्हणजे १० लाख भरून २० लाख मिळवा. ‘पैसे दुप्पट’ हे शब्द तेथे मोठ्या अक्षरात छापलेले असतात. बातमीदाराने हे गृहीत न धरता प्रत्येक हप्ता किती वर्षे गुंतून राहिला हे लक्षात घेऊन परताव्याचा दर काढला, तर तो वर्षाला सुमारे ६.२ टक्के येतो. हेच हप्ते त्याच तारखांना सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीत भरले, पंधरा वर्षांनंतर खात्याला पाच वर्षांची मुदतवाढ घेतली आणि एप्रिल २०२० पासून लागू असलेला ७.१ टक्के दर संपूर्ण काळ कायम राहिला असे मानले, तर सुमारे २२ लाख १९ हजार रुपये होतात. विम्याच्या योजनेत जीवनसंरक्षण असते, निधीत ते नसते, आणि निधीचा दर सरकार दर तिमाहीला ठरवते. या दोन्ही गोष्टी बातमीत आल्याच पाहिजेत, नाहीतर तुलना अप्रामाणिक ठरते. पण ‘दुप्पट’ या शब्दामागे ६.२ टक्के आहेत, हे वाचकाला कळले की तो एजंटाला योग्य प्रश्न विचारू शकतो. परीक्षकालाही हा हिशेब हवा असतो, आणि तो स्वतः करून पाहता यावा म्हणून आकडेमोडीची तक्ता-फाइल प्रवेशिकेसोबत जोडावी.

कोणता पुरस्कार आणि कोणता विभाग

भारतात या क्षेत्रातील कामासाठी सर्वांत आधी डोळ्यांसमोर येतो तो रामनाथ गोएंका उत्कृष्ट पत्रकारिता पुरस्कार. रामनाथ गोएंका स्मृती प्रतिष्ठानने तो २००६ साली सुरू केला. त्यात वाणिज्य आणि अर्थविषयक पत्रकारितेचा विभाग आहे, भारतीय भाषांतील पत्रकारितेचा आहे, शोधपत्रकारितेचा आहे आणि नागरी प्रश्नांवरील पत्रकारितेसाठी पुण्याचे पत्रकार प्रकाश कर्दळे यांच्या स्मरणार्थ ठेवलेला पुरस्कारही आहे. मराठी बातमीदार येथे एक चूक हमखास करतात. बातमी पैशाविषयी आहे म्हणून ती अर्थविषयक विभागातच घातली पाहिजे, असे ते धरून चालतात. सहकारी बँकेत अडकलेल्या ठेवींची मराठी वृत्तमालिका किमान तीन विभागांत बसू शकते. तिचे खरे बळ कागदपत्रे खणून काढण्यात असेल तर शोधपत्रकारिता, शहरातील लोकांना एकत्र आणून प्रश्न सोडवून घेण्यात असेल तर नागरी पत्रकारिता, आणि स्थानिक भाषेतील वाचकाला गुंतागुंतीचा विषय समजावण्यात असेल तर भाषिक विभाग अधिक योग्य ठरतो. विभागांची रचना आणि अटी वर्षागणिक बदलू शकतात, म्हणून चालू वर्षाची नियमावली छापून घ्यावी आणि पेन्सिलीने खुणा करत वाचावी.

महाराष्ट्र शासनाचे माहिती व जनसंपर्क महासंचालनालय विभागवार पत्रकारिता पुरस्कार देते. पुणे विभागासाठी नानासाहेब परुळेकर, कोल्हापूरसाठी ग. गो. जाधव, मराठवाड्यासाठी अनंतराव भालेराव अशी त्यांना नावे आहेत. हे पुरस्कार अर्थविषयक पत्रकारितेसाठी वेगळे राखलेले नाहीत, तरीही तालुक्याच्या ठिकाणी काम करणाऱ्या बातमीदाराने त्यांचा विचार सर्वांत आधी करावा असे मला वाटते. पतसंस्था, भिशी, साखळी योजना, पीक विमा हे विषय ग्रामीण महाराष्ट्रात लोकांच्या आयुष्याला जितके भिडतात, तितके दलाल स्ट्रीटवरील चढउतार भिडत नाहीत. जिल्हा माहिती कार्यालयात जाऊन नियम, अर्जाचा नमुना आणि कात्रणांच्या प्रती किती लागतात हे प्रत्यक्ष विचारून घ्यावे.

परदेशातील वृत्तसंस्थांमध्ये काम करणारे मराठी पत्रकार आता कमी नाहीत. त्यांच्यासाठी अमेरिकेतील जेराल्ड लोब पुरस्कार महत्त्वाचा आहे. ई. एफ. हटन या दलाली पेढीचे संस्थापक भागीदार जेराल्ड लोब यांनी तो १९५७ साली स्थापन केला आणि १९७३ पासून लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाची अँडरसन व्यवस्थापन संस्था त्याचे काम पाहते. सामान्य गुंतवणूकदाराला माहिती आणि संरक्षण मिळावे, हाच त्याचा मूळ हेतू होता आणि वैयक्तिक अर्थकारणासाठी त्यात स्वतंत्र विभाग आहे. अमेरिकेतील व्यापारविषयक संपादक आणि लेखकांची सेब्यू ही संघटना १९६४ पासून कार्यरत असून ती १९९५ पासून ‘बेस्ट इन बिझनेस’ पुरस्कार देते. या स्पर्धेत वृत्तसंस्थेच्या आकारानुसार गट पाडलेले असतात, त्यामुळे लहान चमूच्या कामाची तुलना शेकडो बातमीदार असलेल्या दैनिकाशी होत नाही; माझ्या मते ही पद्धत आपल्या राज्यातील स्पर्धांनीही घ्यावी. या दोन्ही ठिकाणी प्रवेश शुल्क असते, म्हणून संपादकांची मान्यता आधी घ्यावी.

पुरस्कार कोण देत आहे, हे तपासल्याशिवाय अर्ज करू नये

या मुद्द्यावर मी थोडा जास्त वेळ थांबणार आहे. बँका, विमा कंपन्या, फंड घराणी आणि दलाली पेढ्या यांनाही पत्रकारांचा गौरव करावासा वाटतो, आणि त्यांतील काही उपक्रम स्वतंत्र परीक्षक मंडळ नेमून प्रामाणिकपणे चालवले जातात. तरीही ज्या उद्योगावर आपण देखरेख ठेवतो, त्याच उद्योगाने दिलेला धनादेश स्वीकारावा का, हा प्रश्न प्रत्येकाने स्वतःला विचारला पाहिजे. भारतीय वृत्तपत्र परिषदेने अर्थविषयक पत्रकारांसाठी आचारसंहिता घालून दिली आहे. आपल्या निष्पक्षपणाला बाधा येईल अशा भेटवस्तू, कर्जे, सहली, सवलती किंवा प्राधान्याने मिळणारे शेअर स्वीकारू नयेत. कंपनीच्या खर्चाने प्रवास केला असेल तर बातमीत तसे सांगावे. ज्या कंपनीत आपले शेअर आहेत तिच्याविषयी लिहू नये. प्रकाशनापूर्वी हाती आलेल्या माहितीचा उपयोग स्वतःच्या, नातलगांच्या किंवा मित्रांच्या फायद्यासाठी करू नये, असे त्या संहितेत आहे. त्याच संहितेत असेही म्हटले आहे की गैरव्यवहार उघड करणाऱ्या बातमीदाराला प्रोत्साहन आणि पुरस्कार दिला जावा. निर्बंध आणि गौरव शेजारी शेजारी ठेवणारी ती कलमे प्रत्येक अर्थपानाच्या टेबलावर असावीत.

व्यवहारात मी तीन गोष्टी पाहायला सांगतो. प्रायोजकाचा प्रतिनिधी परीक्षक मंडळात आहे का. प्रायोजकावर टीका करणारी बातमी पूर्वी कधी विजेती ठरली आहे का. आणि विजेत्याने प्रायोजकाच्या कार्यक्रमात भाषण करावे किंवा त्याच्या जाहिरातीत नाव वापरू द्यावे अशी अट आहे का. तिसऱ्याचे उत्तर ‘होय’ असेल तर रक्कम कितीही मोठी असली तरी अर्ज करू नये. पहिल्या दोन बाबतींत शंका असेल तर संपादकांशी लेखी चर्चा करून निर्णय घ्यावा, म्हणजे उद्या वाचकाने विचारले तर उत्तर देता येईल.

प्रवेशिकेसोबत हितसंबंधांचे निवेदन मागितलेले नसले तरी ते स्वतःहून द्यावे. माझ्या नावे, पत्नीच्या किंवा पतीच्या नावे आणि अवलंबून असलेल्या कुटुंबीयांच्या नावे संबंधित कंपनीचे शेअर, रोखे किंवा त्या संस्थेत ठेव नाही, अशी साधी चार ओळींची नोंद पुरते. ठेव असेल तर तेही सांगावे. पतसंस्थेवर लिहिणाऱ्या बातमीदाराच्या आईची ठेव त्याच पतसंस्थेत असणे ही लहान गावात अगदी स्वाभाविक गोष्ट आहे. ती लपवणे मात्र स्वाभाविक नाही.

कागदपत्रांची फाइल

काही वर्षांपूर्वी छाननीच्या वेळी एका तालुका बातमीदाराची प्रवेशिका माझ्यासमोर आली. विषय एका पतसंस्थेने मुदत संपलेल्या ठेवी देणे थांबवल्याचा होता. बातमीची कात्रणे चार होती आणि छपाई इतकी फिकट की तारीख भिंगातून वाचावी लागत होती. पण पाठीमागे एका भाजीविक्रेत्या बाईंच्या पासबुकाची छायाप्रत होती. रोज वीस, तीस, पन्नास रुपयांच्या पिग्मीच्या नोंदी, प्रत्येक नोंदीसमोर एजंटाची आखूड सही, मग एका पानानंतर शाईचा रंग बदललेला आणि त्यापुढे नोंदीच नाहीत. त्या कोऱ्या पानांची तारीख आणि पतसंस्थेच्या अध्यक्षांनी वार्षिक सभेत ‘संस्था सुस्थितीत आहे’ असे सांगितल्याची तारीख यांत फक्त नऊ दिवसांचे अंतर होते. बातमीदाराने हे अंतर बातमीत लिहिले होते, प्रवेशिकेच्या टिपणात मात्र त्याचा उल्लेखही नव्हता. टिपणात होते ते असे: ‘सदर वृत्तमालिकेने संपूर्ण तालुक्यात एकच खळबळ माजली असून समाजाच्या सर्व स्तरांतून तिचे कौतुक होत आहे.’ तीन परीक्षकांपैकी दोघांनी टिपण वाचून प्रवेशिका बाजूला ठेवली होती. मी पासबुकाचे ते पान समोर ठेवले, तेव्हा ती पुन्हा वाचली गेली.

म्हणून टिपण कसे लिहावे, ते त्याच प्रकरणाच्या धर्तीवर नमुन्यादाखल देतो. ‘तालुक्यातील एका पतसंस्थेने मुदत पूर्ण झालेल्या ठेवी देणे बंद केले होते आणि संचालक मंडळ मात्र संस्था सुस्थितीत असल्याचे सांगत होते. ठेवीदारांच्या पावत्या आणि पासबुके यांतील तारखा संस्थेच्या वार्षिक सभेच्या इतिवृत्ताशी ताडून पाहिल्यावर असे दिसले की सभेपूर्वी नऊ दिवस पिग्मीच्या नोंदी थांबल्या होत्या. सहकार खात्याकडील लेखापरीक्षण अहवाल माहितीच्या अधिकारात मिळवला. संस्थेचे म्हणणे प्रत्येक बातमीत दिले आहे. पहिल्या बातमीनंतर सहायक निबंधकांनी चौकशीचा आदेश दिला; आदेशाची प्रत जोडली आहे.’ यात एकही विशेषण नाही आणि प्रत्येक वाक्यामागे एक कागद आहे. नियमावलीत शब्दमर्यादा दिलेली असते. ती पाळावीच, आणि पहिल्या दोन वाक्यांतच वाचकाचा धोका व आपला पुरावा सांगून टाकावा, कारण परीक्षकासमोर शेजारी आणखी साठ फायली असतात.

सहकारी पतसंस्थांवर काम करणाऱ्यांसाठी कागद मिळवण्याचा मार्ग थोडा तपशिलात सांगतो. माहिती अधिकार अधिनियम २००५ नुसार दहा रुपये शुल्क भरून अर्ज करता येतो आणि सर्वसाधारणपणे ३० दिवसांत उत्तर मिळणे अपेक्षित असते. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली दिलेल्या निकालानुसार सहकारी संस्था केवळ सहकार कायद्याखाली नोंदलेली आहे म्हणून सार्वजनिक प्राधिकरण, म्हणजे या कायद्याने माहिती देण्यास बांधील संस्था, ठरत नाही, त्यामुळे थेट पतसंस्थेकडे केलेला अर्ज फेटाळला जाण्याचा संभव असतो. निबंधक कार्यालय मात्र सार्वजनिक प्राधिकरण आहे आणि त्याच्याकडे असलेली माहिती मागता येते. अर्जात ‘सर्व माहिती द्यावी’ असे लिहू नये. संस्थेचे नाव, आर्थिक वर्ष, लेखापरीक्षण अहवाल व त्यातील दोष, लेखापरीक्षकाने दिलेला वर्ग, महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० च्या कलम ८३ खालील चौकशीचा आणि कलम ८८ खालील जबाबदारी निश्चितीचा अहवाल, असे एकेक नाव घेऊन मागावे. सहकारी बँकांच्या बाबतीत डिसेंबर २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रिझर्व्ह बँकेला तपासणी अहवालांसारखी माहिती देण्याचे बंधन असल्याचे सांगितले होते, हेही लक्षात ठेवावे. मिळालेल्या उत्तराची पहिली प्रत, अर्जाच्या पोचपावतीसह, प्रवेशिकेत लावावी.

ठेवीदारांची कागदपत्रे जोडताना त्यांची लेखी संमती घ्यावी आणि खाते क्रमांक, आधार क्रमांक, पत्ता, भ्रमणध्वनी क्रमांक काळ्या शाईने झाकावेत. झाकलेली प्रत पुन्हा छायांकित करावी, नाहीतर शाईखालचे आकडे उजेडात दिसतात. पैसे गमावलेल्या माणसाची ही गोपनीयता जपणे कोणत्याही पुरस्कारापेक्षा आधी येते.

परिणाम किती सांगावा

प्रवेशिकेच्या नमुन्यात ‘बातमीचा परिणाम’ असा रकाना हमखास असतो आणि चांगले बातमीदारही येथे वाहवत जातात. पंजाब आणि महाराष्ट्र सहकारी बँकेचे प्रकरण आठवून पाहा. २३ सप्टेंबर २०१९ रोजी रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले आणि सुरुवातीला ठेवीदाराला फक्त १,००० रुपये काढण्याची मुभा होती. मुंबई-ठाण्यातील शाखांसमोरच्या रांगांवर, उपचारांसाठी पैसे न मिळालेल्या कुटुंबांवर अनेक बातमीदारांनी सातत्याने लिहिले. फेब्रुवारी २०२० मध्ये ठेव विम्याची मर्यादा, म्हणजे बँक बुडाल्यास ठेवीदाराला विम्यातून मिळू शकणारी कमाल रक्कम, १ लाखावरून ५ लाख रुपये झाली. १९९३ पासून ती १ लाखावरच होती. २०२१ च्या दुरुस्तीने निर्बंध आल्यापासून ९० दिवसांत विम्याची रक्कम देण्याची तरतूद झाली, आणि जानेवारी २०२२ मध्ये ही बँक युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली. आता यांतील एखाद्या बातमीदाराने ‘माझ्या बातमीमुळे विम्याची मर्यादा वाढली’ असे लिहिले, तर परीक्षक ती प्रवेशिका अविश्वासाने वाचू लागेल. ‘ठेव विम्याची मर्यादा २६ वर्षे बदललेली नाही, हे आम्ही अमुक तारखेला दाखवून दिले, पुढील फेब्रुवारीत ती वाढली’ असे लिहिले, तर तारखा स्वतः बोलतात आणि दाव्याचे माप योग्य राहते.

शासकीय निर्णय हाच परिणाम, असेही मानू नये. सहकारी बँकेतील ठेवीला मिळणारे ठेव विमा महामंडळाचे संरक्षण पतसंस्थेतील ठेवीला मिळत नाही, हे कितीतरी शिकलेल्या घरांनाही ठाऊक नसते; दोन्ही ठिकाणी तेच पासबुक, तशीच खिडकी आणि पाटीवर ‘सहकारी’ हा शब्द असतो. हा फरक सांगणारी चौकट वाचून एखाद्या निवृत्त शिक्षकाने आपली सारी पुंजी एका पतसंस्थेतून काढून विभागून ठेवली आणि तसे पत्र संपादकांना लिहिले, तर ते पत्र हा खरा परिणाम आहे. अशी पत्रे वर्षभर एका पाकिटात जपून ठेवावीत. डिसेंबर अखेरीस ती शोधू म्हटले तर सापडत नाहीत.

राष्ट्रीय आकडेवारी स्थानिक वाचकापर्यंत आणणाऱ्या कामालाही येथे जागा आहे. शेअर बाजाराचे नियमन करणाऱ्या सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत शेअर बाजाराच्या वायदा आणि पर्याय (फ्यूचर्स आणि ऑप्शन्स) व्यवहारांत उतरलेल्या व्यक्तिगत व्यवहारकर्त्यांपैकी ९३ टक्के लोकांना तोटा झाला आणि तोट्याची एकूण रक्कम १.८ लाख कोटी रुपयांहून अधिक होती. ही बातमी सर्वांनीच दिली. ज्याने हा आकडा घेऊन आपल्या शहरातील तरुणांना गाठले, त्यांची दलाली खात्यांची विवरणपत्रे त्यांच्या संमतीने तपासली, तोट्यात दलालीचा आणि करांचा वाटा किती हे वेगळे काढले आणि त्यांना हे व्यवहार शिकवणाऱ्या सशुल्क वर्गाकडे सेबीची नोंदणी आहे का हे पाहिले, त्याचे काम पुरस्कारयोग्य आहे.

अनुवाद, चित्रफीत आणि तांत्रिक बाबी

राष्ट्रीय स्पर्धेत मराठी कामाचे इंग्रजी भाषांतर मागितले जाते, असे धरून तयारी ठेवावी. भाषांतर दुसऱ्याकडून करून घेतले तरी आकडे स्वतः तपासावेत. ‘कोटी’ आणि ‘लाख’ यांचे दशलक्षात रूपांतर करताना एक शून्य इकडचे तिकडे होते आणि परीक्षकाच्या नजरेत साऱ्या हिशेबावरचा विश्वास उडतो. ‘पतसंस्था’, ‘भिशी’, ‘पिग्मी’ हे शब्द तसेच ठेवून पहिल्या उल्लेखाच्या वेळी एका वाक्यात समजावून द्यावेत. मूळ बातमीत नसलेले एकही वाक्य भाषांतरात घालू नये. मूळ आणि भाषांतर ताडून पाहणारा परीक्षक प्रत्येक मंडळात एखादा तरी असतो.

संपादकांचे प्रमाणपत्र, प्रकाशनाची तारीख व आवृत्ती स्पष्ट दिसणारे पूर्ण पान, संकेतस्थळावरील दुवा आणि तो पुढे बंद पडल्यास उपयोगी यावी म्हणून जतन केलेली प्रत, चित्रफितीसाठी मजकुराची लेखी संहिता, एवढे बहुतेक ठिकाणी पुरते. चमूने केलेल्या कामात छायाचित्रकार, आकडेवारी तपासणारा सहकारी आणि पान लावणारा उपसंपादक यांची नावे द्यावीत. अंतिम तारखेच्या किमान दोन दिवस आधी प्रवेशिका पाठवावी, कारण शेवटच्या संध्याकाळी अर्जाचे संकेतस्थळ मंदावते आणि मोठ्या फायली अडकतात.

पाठवण्यापूर्वी बातमीवर आलेल्या आक्षेपांची नोंदही फाइलमध्ये ठेवावी. ज्या संस्थेवर लिहिले तिने खुलासा पाठवला असेल तर तो छापल्याचे कात्रण जोडावे. नोटीस आली असेल तर तसे सांगावे आणि पुढे काय झाले तेही सांगावे. प्रवेशिका पाठवल्यानंतर आणि निकालापूर्वी बातमीतील एखादा आकडा चुकल्याचे लक्षात आले, तर आधी आपल्या वृत्तपत्रात शुद्धिपत्र छापावे आणि त्याच दिवशी त्याची प्रत प्रवेशिका क्रमांकासह पुरस्कार समितीला पाठवावी.